पाचारण आणि पदरचं भांडवल



‘देवाचं पाचारण’ असा विषय पत्रिकेवर छापला की सभागृहाचे दोन भाग पडतात, हे मला इथून स्पष्ट दिसतं आहे. एका भागाला वाटतं, हा गृहस्थ आता आपल्याला नोकरी सोडून सेमिनरीत जायला सांगणार. दुसरा भाग साठीच्या पुढचा. तो मागे टेकून बसला आहे. हाक यायची असती तर एव्हाना आली असती, असा त्याचा हिशेब. पहिल्या भागानं घाबरू नये. दुसऱ्यानं मात्र इतकं निर्धास्त राहू नये, कारण थोड्या वेळानं लक्ष्मीबाई टिळकांचं नाव निघणार आहे.

आज इथे ख्रिस्ती नसलेलेही बरेच रसिक आले आहेत. त्यांना सांगायला हवं की आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, ‘पाचारण’ ही गोष्ट फार भारदस्त होऊन बसली आहे. पाळकसाहेबांना पाचारण असतं. मिशनऱ्याला असतं. वायरमनला नसतं, शिवणयंत्रावर पाठ मोडणाऱ्या बाईला नसतं, मंडळीच्या हिशेबाच्या वह्या वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या गृहस्थाला तर नसतंच नसतं. आणि घरात काय चालतं? बारावीचा निकाल लागतो, गुणपत्रिका टेबलावर येते, टक्क्यांवरून शाखा ठरते. मुलगी विचारते, देवाची माझ्याविषयी काय इच्छा असेल? वडील म्हणतात, प्रार्थना कर. आणि संध्याकाळी प्रवेशाचा अर्ज स्वतःच भरून टाकतात. या मुलीला काय येतं, कशात तिचा हात चालतो, कशात तिला तहानभूक आठवत नाही, हे ना मंडळी विचारते ना घर.

हे असंच असतं का? बायबल उघडून पाहू.

निर्गमाचा एकतिसावा अध्याय. इस्राएली लोक रानात आहेत, निवासमंडप उभारायचा आहे. देव मोशेला सांगतो की यहूदा वंशातल्या बसालेलला मी नाव घेऊन बोलावलं आहे आणि त्याला माझ्या आत्म्यानं भरलं आहे. कशासाठी भरलं? उपदेशासाठी? भविष्य सांगण्यासाठी? सोन्यारुप्याचं आणि पितळेचं काम करण्यासाठी, जडावासाठी रत्नं घडवण्यासाठी, लाकडावर कोरीवकाम करण्यासाठी. जोडीला दान वंशातला अहलियाब. या बसालेलच्या तोंडचं एक वाक्यसुद्धा बायबलात नोंदलेलं नाही. तो बोलला असेल तर ते हत्यारांशी.

मला कुतूहल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. हा माणूस ही कला शिकला कुठे? बायबल सांगत नाही. पण ही मंडळी नुकतीच मिसर देशातून सुटून आली होती. तेव्हा हात बसला असेल तर तिथेच, गुलामीतच बसला असणार. देवानं त्याला नवे हात दिले नाहीत. जे हात मालकाच्या धाकाखाली राबले होते, तेच बोलावून घेतले.

आज मला एवढंच मांडायचं आहे. देव माणसाला हाक मारतो ती त्याच्या पदरात आधीच जे पडलेलं असतं त्याच्यासकट. घरानं दिलेलं, भाषेनं दिलेलं, कधी दारिद्र्यानं आणि दुखण्यानं शिकवलेलंसुद्धा. दुकान तेच, माल तोच, धनी बदलतो. महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांचं चाक थांबलं नाही, सेना महाराजांनी धोपटी खुंटीला टांगली नाही. आम्ही ख्रिस्ती लोकांनी हे शेजाऱ्यांकडून शिकायला काय हरकत होती? एका माणसाला ते कळलं होतं, आणि तो याच शहरात राहत होता.

टिळक! (टिळक म्हटल्यावर पुण्याकडे पाहू नका, आपले नगरचे टिळक.) नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. घर चित्पावनांचं, संस्कृत पक्कं, कविता ओठांवर, सभा जिंकणारं वक्तृत्व, आणि नोकरी म्हणाल तर एकही टिकत नव्हती. आज इथे, उद्या तिथे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या फिरस्तीची जी चित्रं काढली आहेत ती वाचून आपण पोट धरून हसतो. संसार त्यांना करायचा होता, आपल्याला नाही.

१८९३ च्या सुमारास नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या आणि उतरताना त्यानं नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची कहाणी आपल्याला ठाऊक आहे: घर तुटलं, समाज तुटला, लक्ष्मीबाई कितीतरी वर्षं माहेरच्यांच्या आसऱ्यानं राहिल्या, आणि मग १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ते सगळं आज सांगत नाही.

मला विचारायचंय ते वेगळं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात कवी बुडाला की तरला?

बुडाला असता तर कुणी आश्चर्य मानलं नसतं. तेव्हाच्या मंडळ्यांमध्ये ऑर्गन वाजत होता. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं विलायती चालींवर गायली जात होती, आणि चालीत बसवण्यासाठी बिचाऱ्या मराठी शब्दांचे हातपाय ओढले जात होते. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका ही स्तोत्रं मोठ्या भक्तीनं गात, पण दळताना, निवडताना, बाळाला झोपवताना त्यांच्या तोंडात ती कधी आली नाहीत. देशी वळणाची पदं अजिबात नव्हती असं मी म्हणणार नाही. कृष्णराव सांगळे याच नगरचे, आणि ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांनी टिळकांच्या आधीच मळवली होती. पण मुख्य प्रवाह विलायती होता. नव्यानं आलेल्या ब्राह्मण कवीला सोपा मार्ग कोणता होता? जुनं सगळं दारातल्या चपलांसारखं बाहेर काढून ठेवायचं आणि आत जाऊन ऑर्गनच्या मागे उभं राहायचं.

टिळकांनी तसं केलं नाही. अभंग आत आणला, ओवी आणली, आर्या आणली, दिंडी आणली, कीर्तनाला उभे राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचं ते म्हणत. ज्या पुलावरून आलो तो मोडायचा कशाला? आज आपल्या ‘उपासना संगीत’ या स्तोत्रसंग्रहात त्यांची दोनशेंच्या वर पदं आहेत. मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस जिथे म्हणून प्रार्थनेला बसतो, मग तो कोकणात असो की कॅनडात, तिथे टिळकांचं पद निघतंच. धर्मशास्त्राचे वर्ग त्यांनी घेतले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचं संपादन केलं. ही सगळी कामं चांगलीच होती. पण ती दुसऱ्या कुणीही केली असती. तो अभंग दुसऱ्याला येत नव्हता.

इथे एक आडवळण घेतो, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून. टिळकांना लोक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत पाठ केली असेल. तिच्यात ख्रिस्ताचं नाव नाही, मंडळी नाही, उपदेश नाही. एक घायाळ पक्षीण आणि तिची पिल्लं आहेत. मग ही कविता पाचारणात धरायची की नाही? काही धर्मप्रेमी माणसं चाचरतात. माझं मत विचाराल तर ती कविता अभंगांच्या इतकीच उपासना आहे. फुलाकडे नीट पाहणं हेही त्या माणसाला दिलेलं काम होतं. आणि याच घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले होते, हे विसरू नका. टिळकांनी त्या पोराच्या अंगातलं काव्य ओळखलं, त्याला जेवूखाऊ घातलं, जपलं. दुसऱ्याची देणगी ओळखणं हीसुद्धा एक देणगी आहे, आणि आपल्याकडे तिचा फार मोठा दुष्काळ आहे.

शेवटी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. दरबार फार काही वाढला नाही. हाक खरी असली म्हणजे यशाची हमी मिळते, अशी समजूत कुणाची असेल तर त्यानं ही दोन वर्षं डोळ्यांपुढे ठेवावीत.

आता लक्ष्मीबाई.

हल्ली मंडळ्यांमध्ये एक छापील तक्ता वाटतात. आपली कृपादानं ओळखा. शिकवणं, प्रशासन, आदरातिथ्य, पुढारीपण. समोर चौकटी, त्यात खूण करायची, शेवटी बेरीज. मी कल्पना करतो की हा तक्ता १९०० साली कुणी लक्ष्मीबाईंपुढे ठेवला असता. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, नवऱ्याकडून. कशावर खूण केली असती त्यांनी? फार तर आदरातिथ्यावर, तीही नाइलाजानं, कारण टिळक वाटेल त्याला घरी आणून बसवत. ‘स्वतःवर हसता येणं’ अशी चौकट त्या तक्त्यात नसते. ‘चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण जसंच्या तसं आठवणं’ अशीही नसते. आणि ‘स्मृतिचित्रे’ नेमकी याच दोन देणग्यांवर उभी आहेत!

त्या आठवणींचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला तेव्हा लक्ष्मीबाईंचं वय पासष्टीच्या पुढे गेलं होतं. मराठी गद्याचा तो एक अव्वल ग्रंथ आहे, हे मी सांगायला नको. पण त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं महाकाव्य हाती घेतलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. शिकलेल्या कवीचं अपुरं काव्य पूर्ण कुणी करायचं? या बाईनं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. १९३६ मध्ये त्या वारल्या, १९३८ मध्ये ग्रंथ छापून बाहेर आला. कवीची बायको म्हणून जिला ओळखत होते, तिच्या वाट्याचे अध्याय कवीच्या सुमारे सहापट. मागे टेकून बसलेल्या ज्येष्ठांनी हा हिशेब घरी जाऊन पुन्हा करावा.

इथवर सगळं गोड झालं. टिळकांनी वारसा जपला, लक्ष्मीबाईंनी आठवणी जपल्या. मग माझं म्हणणं सिद्ध झालं का? नाही. कारण पंडिता रमाबाई मध्ये उभ्या राहतात, आणि त्या कुणाच्याही सिद्धांतात सरळ बसत नाहीत.

१८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली. भाऊबहीण पुराण सांगत, पायी हिंदुस्थान तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली, आणि तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. एवढं भांडवल कुणाच्या पदरी असतं?

आणि करायचं काय होतं त्यांना? डॉक्टर व्हायचं होतं! १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे तो दरवाजा बंद झाला. त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा. पुढे अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. का गेल्या? भूक काय असते, हे त्यांना पुराणातून कळलेलं नव्हतं. आईबापांना तिनं नेलं होतं. इथे बुद्धी, पांडित्य, वक्तृत्व या सगळ्याआधी कामाला आलं ते सोसलेलं दुःख. तक्त्यात त्यालाही चौकट नाही.

केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये एके काळी दीड-दोन हजार बायका-मुली होत्या. शेती होती, गाईगुरं होती, विणकाम होतं, छापखाना होता, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत. म्हणजे तिथे प्रत्येकीला विचारलं जात होतं, तुला काय येतं? आणि काहीच येत नसेल तर, काय शिकशील?

पण मी अडखळतो ते त्यांच्या शेवटच्या कामापाशी. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर एकटीनं केलं. वर्षानुवर्षं ते चाललं होतं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम पुरं झालेलं होतं, आणि मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच ते छापलं. ते भाषांतर उघडून पाहा. सरस्वती पदवी मिळवलेल्या बाईची संस्कृतप्रचुर मराठी तुम्हाला तिथे सापडणार नाही. त्यांना केडगावच्या आसपासच्या अडाणी बाईला कळेल अशी भाषा हवी होती. जुन्या धर्माचा वास येणारे शब्दही त्यांनी निवडून बाजूला काढले. टिळकांनी जे उराशी धरलं तेच रमाबाईंनी दूर ठेवलं. साहित्याच्या दृष्टीनं म्हणाल तर मी टिळकांच्या बाजूचा आहे. ते भाषांतर मला कोरडं वाटतं. पण संस्कृतनं मिळवून दिलेली सगळी कीर्ती बाजूला सारून, एक-एक शब्द खाली उतरवायला केवढं संस्कृत यावं लागत असेल! ज्या देणगीनं नाव झालं ती वापरूनही दिसू द्यायची नाही, हेही पाचारणात मोडतं. मला हे पचायला वेळ लागला, आणि अजून पुरतं पचलं आहे असं मी म्हणणार नाही.

कुणी म्हणेल, ही सगळी असामान्य माणसं. ज्याच्या अंगी काहीच नाही त्याचं काय? वेल्लोरच्या आयडा स्कडर यांचं उदाहरण घ्या. मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली अमेरिकन मुलगी. हिंदुस्थानात राहायचं नाही असं तिनं पक्कं ठरवलं होतं, वैद्यकाची ओढ नव्हती. तमिळ मुलुखातल्या तिंडिवनमला आईच्या आजारपणासाठी आलेली असताना एका रात्रीत तीन घरांतून बोलावणं आलं. तिन्ही ठिकाणी बाळंतीण अडलेली, आणि तिन्ही घरांना पुरुष डॉक्टर नको होता. सकाळपर्यंत तिघीही गेल्या. आयडा परत जाऊन डॉक्टर झाली, १९०० मध्ये वेल्लोरला आली, १९१८ मध्ये तिनं मुलींसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. तिथे गरज आधी आली, हातोटी मागून कमावली. त्याच वेल्लोरला १९४६ मध्ये पॉल ब्रँड आले. ते तरुणपणी काही वर्षं सुतारकाम आणि बांधकाम शिकले होते, मग वैद्यकाकडे वळले. ती वर्षं फुकट गेली असं कुणालाही वाटलं असतं. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांत स्नायूंच्या दोऱ्या नव्यानं ओवून हात चालते करण्याचं काम त्यांनी केलं, आणि बरे झालेल्या त्या हातांना सुतारकाम शिकवलं.

म्हणजे माझ्या म्हणण्याला पुस्ती जोडायला हवी. पदरात काय आहे एवढं पाहून हाक कळत नाही. समोर कोण अडलं आहे तेही पाहावं लागतं. आणि बहुतेक वेळा आपल्या पदरातलं आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या कुणीतरी बोट दाखवावं लागतं. बालकवींना टिळकांनी दाखवलं.

आता शेवटचा मुद्दा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दाखला आपल्याला पाठ आहे. एका चाकराला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत म्हणजे चिल्लर नव्हे. सहा हजार दिनारांचा एक तालांत, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळालं त्याच्याही हातात सुमारे वीस वर्षांची मजुरी होती! आपल्या देणग्या मोजताना आपण नेहमी शेजाऱ्याचे पाच पाहतो.

या दाखल्यात एक गोष्ट मत्तय सांगत नाही, ती माझ्या मनातून जात नाही. धनी परगावी जाताना चाकरांना कोणता धंदा करा हे सांगून गेल्याचा उल्लेखच नाही. भांडवल दिलं आणि गेला. आपली मुलं रात्र रात्र विचारतात, प्रभू, नेमकं काय करू? इंजिनिअरिंग की नर्सिंग? पुणे की दुबई? आणि उत्तर आलं नाही की आपण ऐकण्यात कमी पडलो असं त्यांना वाटतं. पहिल्या दोघांनी कशाचा व्यापार केला, तेही कुणी लिहून ठेवलेलं नाही. तो त्यांच्यावर सोपवलेला होता.

तिसऱ्यानं चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. जमिनीत पुरलेलं जसंच्या तसं परत आणून दिलं. कारण काय सांगितलं? धनी कठोर आहे, मला भीती वाटली. त्यानं आपल्या देणगीविषयी चुकीचा अंदाज केला नव्हता. चुकीचा अंदाज केला तो धन्याविषयी. चुकलो तर तो मारील, असं ज्याला वाटतं तो खड्डाच खणणार. असा कठोर धनी आपल्या मुलांना कुणी दाखवला, हे मंडळीनं आणि घरानं आपसात बसून ठरवावं.

एक विनंती करतो आणि थांबतो. मंडळीच्या वार्षिक अहवालात अर्पण किती जमलं ते पैशापर्यंत छापलेलं असतं. येत्या वर्षी त्याच अहवालात एक पान वाढवा. आपल्यातल्या कुणाला काय येतं ते त्यावर लिहा. ज्याचं त्यानं सांगितलेलं नको, शेजारच्या बाकावरच्यानं सांगितलेलं. छापखान्याचा खर्च मी देतो.